रंग लावण्याआधी पत्ता वाचा: वनस्पती पेशीत आपलं प्रथिन कुठे जातं ते शोधताना

लॅबमध्ये नवीन आलेल्यांना पहिलं काम बरेचदा हेच मिळतं. गाइड एक जीन हातात देतात आणि म्हणतात, "याचं लोकलायझेशन बघून घे." म्हणजे या जीनपासून बनणारं प्रथिन पेशीत नेमकं कुठे जाऊन बसतं ते शोध. ऐकायला सोपं वाटतं. प्रथिनाला जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं शेपूट जोडायचं, पानात सोडायचं, तिसऱ्या दिवशी कॉन्फोकल मायक्रोस्कोपखाली बघायचं. मीही तेच केलं आणि पाच महिने चुकीचं उत्तर धरून बसले. हात चुकले नव्हते, मायक्रोस्कोपही ठीक होता. चूक प्राइमर (जीन उचलायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवायच्या आधीच झाली होती आणि ती टाळायला दहा मिनिटं पुरली असती. ती दहा मिनिटं कुठे घालवायची ते तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, म्हणून हे लिहितेय.

शब्दांबद्दल एक. शाळेत आपण आंतर्द्रव्यजालिका, तंतुकणिका, हरितलवक, रिक्तिका असं शिकलो. लॅबमध्ये ईआर, मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट, व्हॅक्युओल म्हणतात. पुढे मी लॅबमधलेच शब्द वापरणार आहे, कारण रोज कानावर तेच पडतील.

१. आधी पेशीतले रस्ते डोक्यात बसवा

प्रथिन कुठे जायचं हे त्याच्या स्वतःच्याच अमिनो आम्लांच्या क्रमात लिहिलेलं असतं. ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चं नोबेल याच शोधासाठी मिळालं. हा पत्ता बहुतेक वेळा प्रथिनाच्या दोन टोकांपैकी एका टोकाला असतो: पुढच्या म्हणजे एन-टोकाला, किंवा मागच्या म्हणजे सी-टोकाला. पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

पहिला फाटा रायबोसोमपाशीच फुटतो. प्रथिनाच्या पुढच्या टोकाला साधारण १५ ते ३० अमिनो आम्लांचा, मधोमध तेलकट स्वभावाचा सिग्नल पेप्टाइड असेल, तर बनता बनताच ते ईआरमध्ये ओढलं जातं. आत गेल्यावर तो तुकडा कापला जातो. तिथून कोपटू नावाच्या आवरणाच्या पुटिकांतून गॉल्गीकडे, गॉल्गीतून टीजीएनकडे, म्हणजे गॉल्गीपलीकडच्या वाटप-केंद्राकडे, आणि पुढे. आता नवखे हमखास विसरतात ती गोष्ट. ईआरमध्ये शिरलेल्या, विरघळलेल्या प्रथिनावर दुसरा कुठलाच पत्ता नसेल, तर ते पेशीबाहेर टाकलं जातं, पेशीभित्तिकेत. ईआरमध्येच राहायचं तर सी-टोकाला एचडीईएल किंवा केडीईएल ही चार अक्षरं लागतात (प्रत्येक अमिनो आम्लाला एक इंग्रजी अक्षर). व्हॅक्युओलमध्ये जायचं तर वेगळी खूण लागते. रताळ्यातल्या स्पोरॅमिनमध्ये ती पुढच्या बाजूला आहे, एनपीआयआर अशी. तंबाखूच्या कायटिनेजमध्ये ती अगदी शेवटी आहे.

सिग्नल पेप्टाइड नसलेली प्रथिनं पेशीद्रव्यात पूर्ण बनतात आणि मग तिथून केंद्रकात, क्लोरोप्लास्टमध्ये, मायटोकाँड्रियात किंवा पेरॉक्सिसोममध्ये जातात. क्लोरोप्लास्टच्या स्वतःच्या जीनोममध्ये प्रथिनांचे जीन शंभराच्या आतच असतात. त्याला लागणारी बाकीची हजारो प्रथिनं केंद्रकातल्या जीनवरून बनतात आणि टॉक-टिक या दोन दारांतून, उलगडलेल्या दोऱ्यासारखी आत ओवली जातात. पेरॉक्सिसोमचं तसं नाही. तिथे घडी घातलेलं प्रथिन जसंच्या तसं आत जाऊ शकतं.

हे रस्ते फक्त पुस्तकात नाहीत. तांदळाच्या दाण्यातल्या एकाच पेशीत प्रोलॅमिन हे साठवणीचं प्रथिन ईआरपासून बनलेल्या गोळ्यांत साठतं आणि ग्लुटेलिन हे दुसरं गॉल्गीमार्गे व्हॅक्युओलमध्ये जातं. आपण भात खातो तेव्हा दोन्ही रस्त्यांनी आलेला माल खातो. ज्वारीतलं काफिरिन प्रोलॅमिनसारखंच ईआरच्या गोळ्यांत बंद राहतं. शिजवल्यावर त्याचे रेणू एकमेकांना गंधकाच्या बंधांनी जखडतात, आणि ज्वारीतली प्रथिनं शिजल्यावर पचायला अवघड होण्यामागचं ते एक मोठं कारण आहे. प्रथिन पेशीत कुठे ठेवलं जातं त्यावर ताटातल्या भाकरीचं पोषण असं अवलंबून असतं.

२. दोन्ही टोकं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा

हीच ती दहा मिनिटं.

प्रथिनाचा पूर्ण अमिनो आम्लक्रम युनिप्रॉट या प्रथिनांच्या डेटाबेसवरून किंवा तुमच्या वनस्पतीच्या जीनोम डेटाबेसवरून घ्या. कागदावर छापा. पहिली ऐंशी आणि शेवटची वीस अक्षरं पेनाने अधोरेखित करा. मग हे बघा:

- सुरुवातीला एखाद-दुसरं धनभारित अक्षर आणि लगेच ल्युसीन-ॲलानीन-व्हॅलीनची सलग रांग: सिग्नल पेप्टाइडची शक्यता.
- सुरुवातीच्या भागात सेरीन-थ्रिओनीन भरपूर आणि आम्लधर्मी अक्षरं जवळजवळ नाहीत: क्लोरोप्लास्टचा ट्रान्झिट पेप्टाइड असू शकतो.
- सुरुवातीला आर्जिनीन ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा: मायटोकाँड्रिया.
- दुसरं अक्षर ग्लायसीन: तिथे चरबीचा रेणू जोडला जाऊन प्रथिन पटलाला चिकटत असेल.
- शेवटी एचडीईएल, केडीईएल: ईआर.
- शेवटची तीन अक्षरं एसकेएल, एसआरएल, एआरएल, पीआरएल यांपैकी: पेरॉक्सिसोम.
- शेवटून चौथं अक्षर सिस्टीन: तिथेही चरबी जोडली जाण्याची शक्यता.

यानंतर सिग्नल-पी, टार्गेट-पी, डीप-लॉक ही साधनं चालवा. फुकट आहेत, वेबवर चालतात. अरॅबिडॉप्सिस या लॅबमधल्या नेहमीच्या छोट्या रोपाचं प्रथिन असेल तर सुबा हा डेटाबेस बघा, तिथे आधी झालेले प्रयोग एकत्र सापडतात. ही साधनं अंदाज देतात, उत्तर नाही. दोन साधनं वेगवेगळं सांगत असतील तर घाबरू नका आणि आवडतं उत्तर निवडूही नका. दोन्ही शक्यता वहीत लिहा.

एक सापळा इथेच आहे. डेटाबेसमधला क्रम कधी कधी चुकीच्या मेथिओनीनपासून सुरू केलेला असतो. जवळच्या चार-पाच वनस्पतींतली तीच प्रथिनं शेजारी लावून बघा. बाकी सगळ्यांना पुढे चाळीस अक्षरं जास्त असतील आणि फक्त तुमच्याला नसतील, तर तुमच्या क्रमाचं पुढचं टोक, म्हणजे कदाचित पत्ताच, गायब आहे.

३. टॅग, म्हणजे चमकणारं शेपूट, कुठल्या टोकाला लावायचा ते ठरवा

माझं घोडं इथे अडलं. लॅबच्या फ्रीझरमध्ये प्रथिनाच्या मागच्या टोकाला जीएफपी लावणारा व्हेक्टर (जीन वाहून नेणारा डीएनए) होता, सगळे तोच वापरत, मीही वापरला. कॉन्फोकलखाली सुरेख चित्र आलं: पेशीच्या कडेने हिरवी रेघ, मधे उजळ केंद्रक. मी लिहून टाकलं, "पेशीद्रव्य आणि केंद्रक." त्यावर पुढचे प्रयोग आखले. ते एकेक करून बिनसत गेले आणि का ते कळेना.

पाच महिन्यांनी लॅब मीटिंगमध्ये एका पोस्टडॉक ताईने विचारलं, "शेवटची तीन अक्षरं कोणती गं?" मला सांगता आलं नाही. लॅपटॉप उघडून बघितलं: एसआरएल. पेरॉक्सिसोमचा पत्ता. तो वाचणारा पेक्स-५ हा रेणू प्रथिनाच्या अगदी शेवटचीच अक्षरं पकडतो. मी तिथेच जवळजवळ २४० अमिनो आम्लांचं जीएफपी चिकटवलं होतं. प्रथिन पत्ता झाकलेल्या पाकिटासारखं पेशीद्रव्यात पडून राहिलं. मला दिसलं ते खरंच होतं, पण तिथे ते मी ठेवलं होतं.

म्हणून हे नियम:

पत्ता पुढे (ईआर, क्लोरोप्लास्ट, मायटोकाँड्रिया) तर टॅग मागे. पुढे लावलात तर सिग्नल पेप्टाइड जीएफपीच्या मागे दडतो आणि प्रथिन दारातून आत जातच नाही.

पत्ता मागे (पेरॉक्सिसोम) तर टॅग पुढे. सी-टोकाशी एकच पटलभेदी तुकडा असलेल्या प्रथिनांनाही, उदाहरणार्थ पुटिका पटलाशी जोडणाऱ्या बऱ्याच स्नेअर प्रथिनांना, टॅग पुढेच लावा.

दोन्हीकडे पत्ता (पुढे सिग्नल पेप्टाइड, मागे एचडीईएल) तर टॅग मधे, सिग्नल पेप्टाइड जिथे कापला जातो त्याच्या लगेच पुढे. क्लोनिंगला आठवडाभर जास्त लागेल. लागू दे.

पत्ता कळतच नाही, तर दोन्ही बनवा. गेटवे या क्लोनिंगच्या पद्धतीत जीन एंट्री क्लोनमधून (म्हणजे जीनच्या मूळ प्रतीतून) हव्या त्या व्हेक्टरमध्ये हलवता येतो. पीअर्लीगेट १०१ या व्हेक्टरमध्ये वायएफपी (जीएफपीचं पिवळं रूप) मागे येतं, १०४ मध्ये पुढे. दोन्हींचं चित्र एकसारखं आलं तर विश्वास वाढतो. वेगळं आलं तर पत्ता कुठल्या टोकाला आहे त्याची ती पहिली खूण. फक्त लक्षात ठेवा: मागे टॅग लावायच्या क्लोनमध्ये स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपतं ही खूण) नको, पुढे लावायच्या क्लोनमध्ये हवा.

४. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रांकडे शेवटी वळू नका. भारतात जनुकीय बदल केलेल्या जिवांवर काम करायचं तर १९८९ च्या नियमांखाली संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मंजुरी लागते. लॅबची मंजुरी आधीपासून असेल तर तिची प्रत मागून घ्या आणि तुमचा जीन, तुमची वनस्पती त्यात बसते का ते स्वतः वाचा. बाहेरून प्लास्मिड आणणार असाल तर साहित्य हस्तांतरणाचा करार लागतो, आणि परदेशातून बी येणार असेल तर आयातीची वेगळी परवानगी. परदेशी बियांची वाट बघण्यात महिने जातात, म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यात टाका.

सामान: निकोटियाना बेंथामियाना या तंबाखूच्या नातलग वनस्पतीची ४ ते ५ आठवड्यांची, फुलं न आलेली रोपं. ॲग्रोबॅक्टेरियम (थोडक्यात ॲग्रो) या वनस्पतीत डीएनए सोडणाऱ्या जिवाणूचा जीव्ही३१०१ हा वाण, रिफाम्पिसिन आणि जेंटामायसिन ही प्रतिजैविकं. एमईएस, मॅग्नेशियम क्लोराइड, ॲसिटोसिरिंगोन. सुई काढलेली १ मिलिलिटरची सिरिंज. डोळ्यांना गॉगल, कारण सिरिंज निसटली की द्रव थेट चेहऱ्यावर उडतो. आणि मार्कर, म्हणजे पेशीतला एकेक ठरावीक भाग चमकवून दाखवणारी तयार प्रथिनं. नेल्सन, काई आणि नेबेनफ्यूर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला मार्करचा संच ओहायोच्या एबीआरसी या बिया आणि डीएनए पुरवणाऱ्या केंद्राकडून मिळतो. त्यात ईआर, गॉल्गी, पेरॉक्सिसोम, मायटोकाँड्रिया, टोनोप्लास्ट (व्हॅक्युओलचं पटल), प्रद्रव्यपटल असे सगळे आहेत. चौकशी आधी शेजारच्या लॅबमध्ये करा, बहुतेक वेळा तिथे निघतात.

५. पानात सोडा

ॲग्रो रात्रभर २८ अंशांवर वाढवा, सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसवा आणि १० मिलिमोलर एमईएस (पीएच ५.६), १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १०० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन या द्रावणात घ्या. ॲसिटोसिरिंगोन हे जखमी वनस्पतीतून पाझरणारं रसायन. ते लागलं की ॲग्रो डीएनए पाठवायच्या तयारीला लागतो. दोन-तीन तास तसंच ठेवा.

रोपांना आधी पाणी द्या आणि तासभर उजेडात ठेवा म्हणजे पर्णरंध्रं उघडतात. पानाच्या खालच्या बाजूला सिरिंजचं तोंड टेकवा, वरच्या बाजूने बोटाने आधार द्या आणि हळू दाबा. द्रव आत शिरला की पानावर ओला गडद डाग पसरत जातो, वाळलेल्या मातीत पाणी मुरतं तसा, आणि मोठ्या शिरेपाशी थांबतो. डाग पसरत नसेल तर जोर वाढवू नका, जागा बदला. डागाची कड मार्कर पेनने आखून ठेवा. दुसऱ्या दिवशी पान कोरडं दिसतं आणि जागा सापडत नाही.

ओडी, म्हणजे द्रावणातल्या ॲग्रोचा दाटपणा, जास्त ठेवायचा मोह होतो, कारण चित्र उजळ येतं. जीन चालू ठेवणारा ३५-एस प्रमोटर आधीच जोरदार असतो, त्यात ॲग्रोही जास्त झाला की प्रथिनाचा पूर येतो आणि पुढे पाठवायची यंत्रणा तुंबते. व्हॅक्युओलला जाणारं प्रथिन ईआरमध्येच अडकलेलं दिसतं. मी ०.०५ ते ०.१ वर काम करते. बघायची वेळ ४८ तासांच्या आसपास, आणि एकदा आधी, एकदा नंतर. उजळ पेशींपेक्षा मंद पेशींवर जास्त विश्वास ठेवा.

वापरलेली पानं, टिप्स, उरलेलं कल्चर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय बाहेर जाणार नाही हेही त्याच दिवशी बघा.

६. मायक्रोस्कोपखाली काय दिसतं

कॉन्फोकलची वेळ मिळायच्या आधी एक काम घरी करा. कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा चिमट्याने सोलून पाण्याच्या थेंबात पसरा आणि कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपच्या ४०च्या भिंगाखाली शांतपणे बघा. पहिल्या मिनिटात काही हलत नाही. मग कडेच्या पातळ थरातून बारीक कण एका दिशेने वाहताना दिसतात. मधे थांबतात, पुन्हा निघतात. वनस्पती पेशीत गॉल्गीदेखील असेच शेकडो तुकड्यांत विखुरलेले असतात आणि ॲक्टिनच्या तंतूंवरून ईआरच्या अंगाने पळत असतात. प्राण्यांच्या पेशीत गॉल्गी केंद्रकाशेजारी एका जागी असतं. पाठ्यपुस्तकातली आकृती बहुधा तीच असते, आणि आपण इथे तेच शोधत बसतो.

आता बेंथामियानाचं पान. आधी काहीच न सोडलेलं पान बघा, मग फक्त जीएफपी सोडलेलं, मग तुमचं. हा क्रम मोडू नका. रिकामं पानही चमकतं. क्लोरोफिल ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल झळकतं. जीएफपीसाठी ४८८चा लेसर आणि प्रकाश टिपायला ५०० ते ५३० ची खिडकी. लाल चमकणाऱ्या एमचेरीची खिडकी ६२०च्या पुढे फार नेऊ नका, नाहीतर क्लोरोप्लास्टच मार्कर वाटायला लागतात.

ईआर जाळ्यासारखं दिसतं आणि केंद्रकाभोवती कडं करतं. गॉल्गी, मायटोकाँड्रिया आणि पेरॉक्सिसोम तिन्ही जवळजवळ एक मायक्रोमीटरचे पळते ठिपके. नुसत्या डोळ्यांनी त्यांना ओळखता येतं असं कुणी म्हणालं तरी तुम्ही मार्कर लावाच. ठिपके पळत असल्याने आधी हिरवं, मग लाल अशी पूर्ण चित्रं काढलीत तर एकाच जागचे दोन रंग शेजारी शेजारी दिसतात आणि तुम्ही "वेगळे आहेत" असं लिहून बसता. रंग ओळीगणिक आलटून पालटून टिपायची सोय यंत्रात असते, ती लावा.

पानाच्या पेशीत व्हॅक्युओल एवढं मोठं असतं की पेशीद्रव्य भिंतीलगत कागदासारखं दाबलं जातं. त्यामुळे पेशीद्रव्य, प्रद्रव्यपटल आणि टोनोप्लास्ट तिन्हींची एकच कडेची रेघ दिसते. केंद्रकापाशी बघा. टोनोप्लास्ट केंद्रकाच्या आतल्या, म्हणजे व्हॅक्युओलकडच्या बाजूने वळसा घेतं. प्रद्रव्यपटल बाहेरून सरळ जातं. तरी खात्री नसेल तर ०.८ मोलर मॅनिटॉलमध्ये तुकडा बुडवा. पेशी आकसते, पटल भिंतीपासून सुटतं आणि पेशीभित्तिकेतलं प्रथिन भिंतीतच राहतं.

नुसतं जीएफपी २७ किलोडाल्टनचं असतं, केंद्रकाच्या छिद्रांतून आपोआप आत जातं. तुमचं प्रथिन तुटून जीएफपी सुटं झालं असेल तर "पेशीद्रव्य आणि केंद्रक" हेच चित्र येतं. त्याच पानाचा वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनाचा आकार दाखवणारी चाचणी) करा आणि पूर्ण लांबीचा पट्टा दाखवा.

७. व्हॅक्युओलचा अंधार

व्हॅक्युओल आम्लधर्मी असतं, पीएच ५.५च्या आसपास, आणि आत प्रथिनं कापणारी विकरं असतात. जीएफपी तिथे मंद होतं आणि उजेडात ठेवलेल्या रोपात लवकर तुटतं. म्हणजे प्रथिन बरोबर पोचतं आणि नेमकं पोचल्यावरच दिसेनासं होतं. तुम्हाला दिसतात फक्त वाटेवरची, ईआर आणि गॉल्गीतली. कितीतरी व्हॅक्युओलची प्रथिनं अशीच "ईआरमधली" म्हणून लिहिली जाण्याच्या बेतात असतात. उपाय दोन: बघायच्या आधी रोप अंधारात ठेवा, किंवा व्हॅक्युओलची शंका असेल तर सुरुवातीपासून एमचेरी लावा, ते आम्लात टिकतं.

८. औषध वापरताना वनस्पती बघून वापरा

ब्रेफेल्डिन-ए हे औषध देऊन ईआर-गॉल्गीचा रस्ता अडवतात. तंबाखूवर्गीय पानात त्याने गॉल्गी ईआरमध्ये विरघळून जातं. अरॅबिडॉप्सिसच्या मुळात मात्र गॉल्गी टिकतं, कारण तिथला जीएनएल-१ हा रेणू औषधाला दाद देत नाही. टीजीएन-एंडोसोमचेच गोळे होतात. बेंथामियानावर लिहिलेला लेख वाचून मुळात तेच शोधलंत तर आठवडे जातील.

९. पत्ता खोडून बघा, आणि पत्ताच पाठवून बघा

चित्र कितीही सुंदर आलं तरी हे दोन प्रयोग राहतात. एक: प्रथिनातला पत्ता काढून टाका, ते भरकटायला हवं. दोन: तो पत्ता एकट्या जीएफपीला जोडा, जीएफपी तिथे जायला हवं.

दुसऱ्या प्रयोगाची ताकद किती असते त्याचं एक उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. गोशे या विकर कमी पडल्याने होणाऱ्या आजारावरचं टॅलिग्लुसरेज अल्फा हे औषध गाजराच्या पेशींत बनतं. २०१२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. माणसाच्या विकराच्या पुढे सिग्नल पेप्टाइड आणि मागे तंबाखूच्या कायटिनेजमधला तो छोटा व्हॅक्युओलचा पत्ता जोडला आहे. गाजराची पेशी तो वाचते आणि विकर व्हॅक्युओलमध्ये नेते. तिथे त्यावरच्या साखरेच्या साखळ्या छाटल्या जाऊन मॅनोज उघडं पडतं, आणि रुग्णाच्या शरीरातल्या ज्या पेशींना हे विकर हवं असतं त्या पेशी मॅनोजवरूनच ते उचलतात.

माझ्या प्रथिनाला मी शेवटी जीएफपी पुढे लावलं. ठिपके आले, पेरॉक्सिसोमच्या लाल मार्करवर एकास एक बसले. मग एसआरएल ही तीन अक्षरं कापलेलं रूप बनवलं, त्याच पानाच्या दुसऱ्या अर्ध्यात सोडलं आणि दोन दिवसांनी बघितलं. ठिपके नव्हते. पेशीच्या कडेने हिरवी रेघ, मधे उजळ केंद्रक: पाच महिन्यांपूर्वी मी उत्तर म्हणून लावलेलं चित्र, आता तुलनेसाठीचं नियंत्रण (कंट्रोल) म्हणून.